चांदीच्या रंगाचं इंजिन

लग्नकार्यांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि अधूनमधून कीर्तनाला माइक-स्पीकर भाड्याने देणं हा माझा धंदा. सोलापुरात छोटं दुकान आणि सामान वाहायला एक जुनी पिकअप. या धंद्याने माझा एक मोठा गैरसमज करून दिला होता, तो म्हणजे माझा कान फार तयार आहे. मंगल कार्यालयात पाऊल टाकल्याबरोबर कुठला स्पीकर फाटलाय ते मला कळतं. एवढ्या भांडवलावर जगातल्या सगळ्याच आवाजांतलं आपल्याला कळतं, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या रस्त्यावर पिकअपने जीव सोडला. बॉनेटखाली कुणीतरी घण आपटावा तसा आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली. त्याआधी बरेच दिवस इंजिन टकटक करत होतं. बायकोने दोनदा विचारलंही होतं. "या जातीच्या इंजिनाचा आवाजच असा असतो," असं मी तिला तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं होतं.

गाडी ओढून सोलापूरला आणली. मिस्त्री खाली शिरला आणि त्याने मलाही वाकायला लावलं. इंजिनाच्या ब्लॉकला हाताची मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं. आतला दांडा तुटून बाहेर डोकावत होता.

"हे आता दुरुस्त होत नाही," तो म्हणाला. "दुसरं इंजिन बघा."

नवं इंजिन घालायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गाडी विकावी, तर बिनइंजिनाच्या गाडीला भंगारवाल्याखेरीज कोण विचारतो? शिवाय लग्नसराई चालू. तेव्हा मोडीत निघालेल्या गाडीतलं चालू इंजिन घ्यायचं ठरलं. टेंभुर्णीजवळ एका व्यापाऱ्याकडे असा माल मिळतो, असं मिस्त्रीने सांगितलं. त्याला स्वतःला यायला सवड नव्हती. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. कान माझ्याकडे होताच.

पण बायकोने परस्पर तिच्या वडिलांना फोन केला होता. "अण्णांना घेऊन जा," ती म्हणाली. "त्यांना गाड्यांतलं कळतं."

माझे सासरे म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मंगळवेढ्याला राहतात. मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला जावई म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्यातलं बोलणं याच्या फार पुढे गेलेलं नव्हतं. "ऊन लई हाय," ते म्हणत. "हो, आहे," मी म्हणे. मग दोघंही बायको चहा घेऊन कधी येते त्याची वाट बघत बसायचो.

मामा पहिल्या गाडीने हजर झाले. टेंभुर्णीला कसं जायचं यावर चर्चाच नव्हती, एसटीनेच. ड्रायव्हरच्या मागची जागा त्यांनी पकडली. मोहोळ येईपर्यंत आमच्या ड्रायव्हरला गाडी कशी चालवावी हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी आपला खिडकीबाहेरची उसाची शेतं बघत बसलो. हे गृहस्थ माझ्याबरोबर नाहीत, असा चेहरा करून.

व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या टायरांवर इंजिनं मांडून ठेवली होती. आमच्या पिकअपला बसतील अशी दोनच निघाली. एक काळंकुट्ट, तेलामातीने लडबडलेलं. दुसरं स्वच्छ धुऊन त्याला चांदीसारखा रंग दिलेला. व्यापाऱ्याने प्लास्टिकच्या बाटलीतून डिझेलची नळी जोडली, बॅटरी लावली आणि आधी काळं इंजिन सुरू केलं. ते खोकलं, धूर ओकलं आणि मग भांडायला उठल्यासारखं ओरडायला लागलं. मी कानावर हात ठेवले.

मग चांदीचं सुरू झालं. काय आवाज! मऊ, भरदार, एका लयीत. मी डोळे मिटले. खरंच मिटले. भर दुपारी भंगाराच्या शेडमध्ये, एका हाताने ताल धरून मी इंजिन ऐकत उभा होतो.

"खर्ज किती स्वच्छ आहे बघा," मी म्हणालो.

व्यापारी मुरलेला माणूस. "साहेब, कान लागतो त्याला," तो म्हणाला. "सगळ्यांना न्हाय कळत."

तिथेच मी विकत गेलो. इंजिन विकलं जायचं नुसतं बाकी होतं.

मामांनी दोन्ही इंजिनांभोवती फेऱ्या मारल्या. तेल भरायचं झाकण उघडून, आतून धूर येतो का बघायला वर तळहात धरला. मग चांदीच्या इंजिनाकडे बोट करून म्हणाले, "जावई, ह्ये नगं. ह्ये लई गोड बोलतंय. ते काळं घ्या."

"का पण?"

"आसंच. माझं मन घेत न्हाय."

"मामा," मी म्हणालो, आणि व्यापारी ऐकतोय म्हणून जरा मोठ्याने म्हणालो, "ही एसटी नाही. तिथं सगळ्याच गाड्या खडखडतात. त्यामुळे तुम्हाला चांगला आवाज ओळखू येत नाही."

मामांनी पांढरी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मी व्यवहार उरकला. "लावून बघा, न्हाय पटलं तर बदलून देतो," असं व्यापारी म्हणाला. भाड्याच्या टेंपोत इंजिन चढवलं. परतीच्या वाटेवर मामा ऊन लई हाय एवढंही म्हणाले नाहीत.

मिस्त्रीने इंजिन बसवायला घेतलं तेव्हा आधी आतलं तेल काढलं. त्याची धार लागेना. काकवी ओतावी तसं ते घट्ट, सावकाश खाली उतरत होतं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे पाहिलं. त्याने नेहमीचं तेल भरलं आणि बॅटरी जोडून इंजिन सुरू केलं. माझा तो भरदार खर्ज कुठल्या कुठे गेला. हलगी, ताशा आणि पत्र्याच्या डब्यात घातलेले खडे, असं सगळं एकदम वाजायला लागलं.

"झिजलेल्या इंजिनाचा आवाज दाबायला घट्ट तेल घालतात," मिस्त्री म्हणाला.

"पण गाडीत बसेल ना?" मी विचारलं.

"बसेल की. रस्त्यात."

घरी सांगितलं तेव्हा बायको ओरडली नाही. "अण्णांना काय म्हणालात तुम्ही तिथं?" एवढंच तिने विचारलं. म्हणजे काहीतरी बिनसल्याचं तिला कळलं होतं. "त्यांनी आल्यापासून फोन उचलला नाही माझा."

व्यापाऱ्याकडे एकट्याने जायची मला छाती नव्हती, आणि मामांकडे जायला तोंड नव्हतं. शेवटी छातीपेक्षा तोंडाची सोय करणं सोपं वाटलं आणि मी मंगळवेढ्याची एसटी धरली. मामा ओसरीवर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी आधी जेवायला वाढायला लावलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. माझी दुसरी भाकरी संपल्यावर मी तेलाची हकिगत सांगितली. शेवटी म्हणालो, "मामा, तुमचं ऐकायला हवं होतं. बोलायला नको ते बोललो मी. तुम्हाला ते तेल कसं ओळखू आलं?"

मामांनी भाकरीचं टोपलं माझ्याकडे सरकवलं.

"कुटलं तेल? मला बी काय कळलं न्हवतं," ते म्हणाले. "मला त्यो रंग खटकला. इंजनाला चांदी कोण लावतं? आन् खरं सांगू का, त्या काळ्याचा आवाज माज्या जुन्या गाडीवानी आला. बरं वाटलं जिवाला. म्हनून घ्या म्हनलं."

म्हणजे एक जण गोड आवाजाला भुलला होता आणि दुसरा जुन्या आठवणीला. आम्ही दोघंही एकाच लायकीचे परीक्षक होतो. मला हसू आलं. मग त्यांनाही आलं, आणि आतून सासूबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

दुसऱ्या खेपेला इंजिन टेंपोत घालून मामा, मिस्त्री आणि मी टेंभुर्णीला गेलो. व्यापारी आधी ओळखच दाखवेना. मग म्हणाला, "आवाज तर तुमीच डोळं मिटून पसंत केला की." हे खरंच होतं. मामा त्याला समजावत होते, तो ऐकत नव्हता. शेडमध्ये तीन-चार गिऱ्हाइकं इंजिनं बघत फिरत होती.

तेव्हा मला आयुष्यात एकदाच योग्य वेळी माझा धंदा आठवला. मिस्त्रीकडची ती खडखड मी मोबाइलवर टिपून ठेवली होती. वाटेत एका बारशाला पोचवायचा बॅटरीवरचा स्पीकर टेंपोत होता. तो शेडच्या दारात ठेवला, मोबाइल जोडला आणि आवाज पूर्ण वाढवला.

पत्रे थरथरले. रस्त्यावरचे लोक थांबले. गिऱ्हाइकं बाहेर आली.

"काय हाय ह्ये?" एकाने विचारलं.

"ह्यांच्याकडचं इंजन," मामा गंभीरपणे म्हणाले. "चांदी लावल्यालं."

व्यापारी धावत आला. "बंद करा साहेब, बंद करा! मी बी ते आसंच घेतलं हुतं, आईशप्पत. काळं घेऊन जावा."

या वेळी आम्ही दोघांनीही स्वतःवर विश्वास ठेवला नाही. मिस्त्रीला कबूल करून बरोबर आणलं होतं. त्याने आधी तेल बदललं, मग काळं इंजिन बराच वेळ चालवून पाहिलं. "आवाज मोठाय, पण आतून बरंय," तो म्हणाला. चांगलं की वाईट ते नीट कळलं नाही, पण आम्ही घेतलं. त्याचा नंबर आरसी बुकावर चढवायला आरटीओच्या खेपा घातल्या त्या वेगळ्याच.

पिकअप आता चालते. लग्नघरची माणसं मला ती कार्यालयापासून लांब लावायला सांगतात, एवढंच. माळशिरसच्या एका लग्नाला मामा हौसेने बरोबर आले. सामान उतरल्यावर मोकळ्या पटांगणात मी त्यांच्या हातात किल्ली दिली. त्यांनी बस वळवावी तसं एवढं मोठं वळण घेतलं की मंडपवाला दोन्ही हात वर करून धावला. दोन फेऱ्या मारून ते उतरले. चेहरा लाल झाला होता, ऊन नसताना.

मग मी स्पीकर जोडायला लागलो. ते शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि कुठली वायर कुठे जाते ते विचारत राहिले. मी मिक्सर, अँप्लिफायर, सगळं बैजवार समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काय बी कळलं न्हाय," ते म्हणाले. "पण चालू द्या. बरं वाटतंय ऐकायला."