लग्नघरची नराणी

मी पुण्याला निघालो त्या सकाळी अप्पांनी मला ओसरीवर समोर बसवलं आणि माझी नखं काढली. "परगावी वाढल्या नखांनी जाऊ न्हाई," एवढंच म्हणाले. मग नराणी, म्हणजे नखं काढायचं ते लहानसं धारेचं लोखंड, धोतराला पुसून हत्यारांच्या धोकटीत टाकली. बाहेर बैलगाडी जुंपून तयार होती. मंद्रूपहून सोलापूर स्टेशनपर्यंत ते माझ्याकडे न बघता बैलांशीच बोलत राहिले. आमच्या न्हाव्याच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मला काय सांगावं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि काय विचारावं हे मला.

तुमच्यापैकी जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या दोघांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. नीट सांगता येईल की नाही, शंका आहे.

घरात नराण्या दोन. अप्पांची पुरुषांसाठी, आईची बायकांसाठी. हळद लागण्याआधी नवरीची नखं काढायचा मान न्हाविणीचा. नवरीमागून सवाष्णी ओळीनं हात पुढं करायच्या आणि थट्टा चालायची, "माज्या सासूची जरा खोल काढ गं, लई बोचकारती!" सुतकाच्या घरून आल्यावर अप्पा हत्यारं गोमूत्रानं धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत आणत नसत. लग्नघरची नराणी मात्र आई कधी धुवायची नाही. धुतली तर बरकत पाण्यात जाते, असं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात ती तशीच जायची, हळदीनं पिवळी. लहानपणी मला ती फार सुंदर वाटे.

कॉलेजच्या लॅबोरेटरीत पहिल्यांदा मी सूक्ष्मदर्शकाखाली पुवाचा थेंब पाहिला. द्राक्षांच्या घडांसारखे बारीक ठिपके. प्रोफेसर म्हणाले, हे जंतू हत्यारावर बसून एकाच्या जखमेतून दुसऱ्याच्या जखमेत जातात, आणि काही तर इतके बारीक असतात की या यंत्रातही दिसत नाहीत. म्हणून तिथं हत्यारं उकळल्याशिवाय कुणी हातात घेत नसे. वर्ग लिहून घेत होता. माझ्या डोळ्यांसमोर आईचा पदर होता, ज्याला ती नराणी पुसायची.

त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं, सोनाचं लग्न होतं. मी घरी पोचलो तेव्हा आई कुंभारी गावच्या एका मांडवातून नुकतीच आलेली. पाणी पिता पिता म्हणाली, "नवरीच्या काकूला नखुरडं झालंय. बोट टंब फुगलंय, पू वाहतोय. तिचीबी नखं काढून आले बिचारीची." आणि तीच नराणी घेऊन ती सोनासमोर बसली.

"आये, आधी उकळ ती," मी म्हणालो.

"उकळ? आरं, लग्नघरची हाय ती!"

"त्या बाईचा पू लागलाय तिला. सोनाला जरा जरी कापलं तर तिलाही होईल."

अप्पा धोकटी आवरत होते. "पुण्याला जाऊन आईला शिकवाय लागला व्हय? तुजी नखं काढताना नराणी उकळली हुती का? मेलास का?"

ते खरंच होतं. जमलेल्या बायका कुजबुजू लागल्या, सासरी जाणाऱ्या पोरीची बरकत धुवायला भाऊच सांगतोय म्हणून.

सोनानं हात पदराखाली ओढून घेतले. "आये, दादा इतक्या लांब जाऊन शिकलाय ते काय उगंच का? उकळ की. लईच भ्या वाटत आसंल तर पाण्यात हळद टाक."

आईनं हातातली नराणी खाली ठेवली. मग उठली. चुलीवर पातेलं चढवलं, हळद टाकली, वर एक सुपारीही टाकली, आणि पाण्याला हात जोडून नराणी आत सोडली. सोना सासरी गेली ती धडधाकट बोटांनी. पण इतरांच्या मांडवासाठी आईनं नराणी कधीच उकळली नाही. "लोकांच्या दारात उकळली तर म्हनतील, न्हावीण आमाला घाण समजती," ती म्हणाली.

आता सुटीत घरी गेलो की मी पाहुणाच असतो. पुण्यात तोंडून 'हाय' निघालं की मुलं हसतात, मंद्रूपला 'आहे' निघालं की अप्पा उठून बैलांकडे जातात. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अडखळतो.

या दिवाळीला सोना माहेरी आली. अक्कलकोटकडच्या तिच्या सासरच्या गावात आता तीच न्हावीण. सहज बोलता बोलता म्हणाली, मांडवात जायच्या आधी ती दर वेळी घरच्या चुलीवर हळदीच्या पाण्यात नराणी उकळून घेते. सासूनं पहिल्यांदा हटकलंच, हे कुठलं नवं खूळ म्हणून.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हनलं, नवं न्हाई आत्याबाई. आमच्या मंद्रूपची लई जुनी रीत हाय ही."

मी आईकडे पाहिलं. ती करंज्या ताटात मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय, जुनीच हाय की."

त्या दिवशी, किती तरी दिवसांनी, त्या घरात मला पाहुण्यासारखं वाटलं नाही.