हिरवं भांडं पिवळ्यात

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते आणि घरी येऊन पुन्हा काचाच घासते. जुन्या काचेच्या झाकणवाल्या भांड्यांचं तिला वेड आहे. फिकट हिरवी, पिवळी, दुधी, सगळी जुन्या बाजारातून एकेक करून आणलेली. झाकण नसलेलं भांडं मिळालं, तर त्याच्या तोंडाच्या मापाचा कागद कापून ती पर्समध्ये ठेवते आणि झाकणाच्या शोधात वर्षानुवर्षं फिरते. शोभेसाठी मात्र एकही नाही. चिरलेला कांदा, कालची भाजी, सगळं काचेत. "या घरात अर्ध्या लिंबालासुद्धा झाकण आहे, मीच तेवढा उघडा," असं तिचे यजमान, म्हणजे काका, म्हणायचे.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, चालायलाही लागले, पण उजव्या हातात जोर येईना. घरी आल्या आल्या त्यांच्या हातून एक दुधी भांडं निसटलं. मावशीने काचा वेचल्या, आणि तेव्हापासून त्यांना स्वयंपाकघरात मज्जाव झाला. चहा हातात, पाणी हातात. काका स्वतःच्याच घरात पाहुणे झाले. त्यांची थट्टाही आटली, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटे.

परवा त्यांचा फोन आला. "मावशी दुकानात गेलीय. जरा येतेस का? तिला काही बोलू नकोस."

गेले तर काका ओट्यापाशी घामाघूम. आपल्यालाही जमतं हे दाखवायला त्यांनी सगळी भांडी घासली होती आणि ओलीच एकात एक रचली होती. हिरवं भांडं पिवळ्यात गच्च रुतलं होतं. ते फटीत सुरी घालायच्या बेतात होते. ती मी आधी काढून घेतली.

"फुटलं तर संपलंच," ते म्हणाले. "मग ती मला खुर्चीतून उठूच देणार नाही."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

मावशीने भांडी पाहिली, सुरी पाहिली, काकांकडे पाहिलं. पर्स खुंटीला अडकवली. मग हिरव्यात फ्रिजमधलं गार पाणी ओतलं आणि पिवळं कोमट पाण्याच्या परातीत टेकवलं. "आतलं आकसतं, बाहेरचं सैलावतं. थांबा जरा." दूध उतू जाईल की काय अशा नजरेने आम्ही तिघं परातीभोवती उभे राहिलो.

"हं, ओढा आता."

"मी?" काका म्हणाले.

"मग कोण? अडकवलंय कुणी?"

काकांनी डाव्या हाताने पिवळं दाबून धरलं, उजव्याने हिरव्याची कड पकडली. कड एकदा निसटली. मी हात पुढे केला तर मावशीने मला कोपराने मागे सारलं. बारीकसा 'टक्' आवाज झाला आणि हिरवं भांडं वर आलं. पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं, पण भांडं हातातच राहिलं. मला इतकं हायसं वाटलं की मी स्टुलावर बसूनच घेतलं.

काकांनी भांडं जपून ओट्यावर ठेवलं आणि सवयीने खुर्चीकडे निघाले.

"कुठे निघालात?" मावशीने त्यांच्या हातात फडकं दिलं. "सगळी कोरडी करा आणि मध्ये कागद घालून रचा. आणि उद्यापासून चहा तुम्हीच करायचा. माझाही."

तोंड धुते म्हणून ती मोरीत गेली. नळ सोडायला मात्र विसरली, त्यामुळे तिचं रडणं आम्हाला ऐकू आलं. काकांनी भांडं पुसायला घेतलं, उजव्याच हाताने, आणि मोरीच्या दिशेने मोठ्याने विचारलं, "अगं, चहालाही झाकण लावायचं का?"

आतून हसण्याचा आवाज आला, आणि मग नळ सुरू झाला.