पूल तिच्या घरी, राक्षस माझ्या घरी

माळा आवरताना व्हिडिओ गेमची कॅसेट सापडली आणि सवयीने मी तिच्यात फुंकर मारली. जुन्या प्लास्टिकच्या वासासरशी सोलापुरातली ती दुपार आठवली.

चौकातल्या व्हिडिओ गेम पार्लरमधला गेम घरी कॅसेटवर मिळायचा, पण काही टप्पे गाळून, अर्धाच. माझ्या कॅसेटमध्ये राक्षस होता, पूल ओलांडायचा टप्पा नव्हता. शेजारच्या नसरीनचं मशीन दुसऱ्या कंपनीचं. त्यात पूल होता, राक्षस नव्हता. महिनाभर आम्ही दोन्ही घरी सराव केला आणि थेट पार्लर गाठलं.

“पोरींनी हितं यायचं न्हाय,” पार्लरवाला म्हणाला.

“राक्षसकू मारे बगैर जाते नै हम,” म्हणत नसरीन आत घुसलीच.

पूल तिने ओलांडला, राक्षस मी मारला.

आज वाटतं, सगळ्यात अवघड होता तो पार्लरचा उंबरा, आणि तो दोघींच्याही कॅसेटमध्ये नव्हता.