मेश्रामांच्या स्वयंपाकघराची कॅसेट

मेश्राम गेल्याचं मला कळलं ते एका कागदावरून. सकाळी चपराशी फाइलींच्या ढिगावर सूचना ठेवून गेला: चार वाजता हॉलमध्ये शोकसभा, सर्वांनी वाचून सही करावी. मी सवयीनं सही केली आणि मग नाव वाचलं. आधी सही, मग नाव! आमच्या सरकारी हाताची ही खोड… आदल्या संध्याकाळी त्यांना घरीच हृदयविकाराचा झटका आला होता. लखनौच्या मानक नगरमधल्या रेल्वे कॉलनीत त्यांचं क्वार्टर माझ्या क्वार्टरपासून चालत सात मिनिटांवर, आणि मला ही बातमी कागदानं सांगितली. शोकसभेत डायरेक्टर साहेबांनी मला उभं केलं, "आप तो उन्हीं की तरफ़ के हैं, दो शब्द बोलिए." मी बोललो. मेहनती थे, मिलनसार थे, समय के पाबंद थे. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि कार्यालय सुटलं. त्याला आता सहा आठवडे झाले. तिथं जे बोलायची हिंमत झाली नाही ते इथं लिहितोय, आणि ते काही माझ्या भूषणाचं नाही.

मी साताऱ्याकडचा, मेश्राम नागपूरचे. मी इंजिनिअर, ऑफिसर. ते आमच्याच लॅबमध्ये टेक्निशियन, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. रेल्वेच्या चाकांची कंपनं मोजायची यंत्रं त्यांच्या ताब्यात असत, पण यंत्र लावायच्या आधीच ते चाकाशेजारी उभे राहून मान तिरकी करायचे आणि सांगायचे, "याचं बेरिंग गेलं, साहेब." आणि ते गेलेलंच असायचं. लखनौत दिवसभर हिंदी बोलून जीभ अवघडायची, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. ऑफिसात मी 'साहेब', पण त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला की 'भाऊ'. वहिनी पाटवडीचा असा रस्सा करायच्या की नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबू नये. बैठकीत बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यापुढं मेणबत्ती, आणि शेजारी मुलीनं मिळवलेल्या बक्षिसांचे कप. ते आमच्याकडे आले की मात्र व्हरांड्यातच बसायचे. 'आत या' असं मी म्हणायचो का? आठवत नाही. म्हणजे म्हणत नसणार.

अडीच वर्षांपूर्वी माझा मेहुणा सिंगापूरहून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. मुलीसाठी आणलाय, असं मी सगळ्यांना सांगायचो. ती बिचारी सात वर्षांची. गाड्यांच्या शर्यती लावायचा तो तिचा बाप! व्हीसीडी प्लेयर घरात होताच. आता मला होम थिएटर हवं होतं. त्यासाठी लागतो रिसीव्हर, म्हणजे सगळ्या पेट्यांचा मुकादम: टीव्ही, गेम, व्हीसीडी या सगळ्यांच्या तारा त्याच्या पाठीत जातात आणि तो आवाज समोरच्या आणि मागच्या स्पीकरांत वाटून देतो. रिसीव्हर कोणता घ्यावा याचा मी महिनाभर अभ्यास केला. अभ्यास म्हणजे काय, तर डब्यांवरचे वॉटचे आकडे वाचले. मेश्राम हसले. "भाऊ, हा आकडा डब्याचा आहे, आवाजाचा नाही. तुमी तर विंजिनेर!" हे मला कळत होतं. तरी मोठा आकडा दिसला की हात तिकडेच जायचा, त्याला काय करणार?

मग मेश्राम म्हणाले, मी येतो सोबत. लागोपाठ तीन रविवार आम्ही दुकानं पालथी घातली. त्यांनी बरोबर एक कॅसेट आणली होती, घरच्या टू-इन-वनवर स्वतः भरलेली. पहिल्या दुकानात ती लावली आणि मी चक्रावलोच. गाणं नाही, काही नाही. भांडी घासल्याचा आवाज, नळ, कुकरच्या शिट्ट्या, फोडणीची चर्रर, मधूनच वहिनींची मुलीला हाक. मी म्हटलं, "मेश्राम, हे काय? यावर रिसीव्हर निवडायचा?" ते म्हणाले, "शिनेमातला बॉम्ब म्या कदी खरा आयकला? मंग तो चांगला वाजला का वाईट, हे मले काहून समजावं? ह्या कुकरची शिटी मात्र रोजची वळखीची आहे. ही जिथं खरी वाटन, तो रिसीव्हर खरा." माणसाचा आवाज आणि स्टीलचं भांडं, या दोन गोष्टी फसवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार कंटाळायचे, मेश्राम डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे, नाही.

तिसऱ्या रविवारी हजरतगंजातल्या एका चकचकीत दुकानात त्यांना हवा तो सापडला. काळा, साधा, दोन बटणांचा, दिवे नसलेला. कॅसेट लावली आणि खरं सांगतो, वहिनी त्या काचेच्या कपाटामागं उभ्या आहेत असं वाटलं. मेश्रामांनी डोळे उघडले, खुशीत माझा हात दाबला. "हाच, भाऊ!" आणि नेमके तेव्हाच दार ढकलून आमचे डायरेक्टर साहेब सपत्नीक आत आले. दुकानभर कुकर शिट्ट्या मारतोय, एक बाई नागपुरी मराठीत पोरीला रागावतेय… साहेब हसायला लागले. "अरे भई, ये क्या बज रहा है? किसकी रसोई उठा लाए?" त्यांच्या बाईसाहेबही तोंडावर पदर धरून हसल्या. माझे कान तापले. मी म्हणालो, "पता नहीं सर, दुकान की कोई टेस्ट कैसेट होगी." साहेबांनी मेश्रामांकडे पाहिलं, चेहरा ओळखीचा वाटला असावा. मी घाईघाईनं म्हणालो, "ये अपनी लैब के हैं. सामान उठवाने साथ ले आया."

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडी घातलं नव्हतं.

मेश्रामांनी हात पुढं करून कॅसेट बंद केली. साहेबांनी शेजारच्या रिसीव्हरकडे बोट दाखवलं. त्यावर निळे-तांबडे दिवे नाचत होते आणि आकडा एवढा होता की त्यात आमची अख्खी कॉलनी हादरली असती. "ये लीजिए, बिल्कुल सिनेमा हॉल!" मी तोच घेतला. आणि मेश्रामांनी… त्यांनी तो जड खोका उचलला. मी म्हटलं, राहू द्या, मी धरतो एका बाजूनं. ते म्हणाले, "चला, साहेब." दुकानापासून टेम्पोपर्यंत आणि खाली फाटकापासून माझ्या दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी तो एकट्यानं आणला. तारा जोडून दिल्या, स्पीकर भिंतीला नीट लावून दिले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते आमच्या बैठकीत आले, आणि आले ते खोका घेऊन. चहा घेतला नाही. त्यानंतर घरी, बाजारात, रस्त्यात, कुठंही भेटले तरी मी 'साहेब'च. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं, मग बंद केलं.

रिसीव्हरनं स्फोट झकास काढले. खिडकीच्या काचा थरथरायच्या. पण पडद्यावर दोन माणसं बोलायला लागली की काय बोलतात ते कळायचं नाही. बायको म्हणायची, "अहो, जरा मोठं करा," आणि मोठं केलं की पुढचा स्फोट. महिनाभरात ती सिनेमे जुन्या पद्धतीनं टीव्हीच्याच आवाजावर बघायला लागली.

आणि ती कॅसेट? दुकानदारानं ती तारांच्या पिशवीत घालून दिली होती, घरी आल्यावर सापडली. सोमवारी देऊ म्हटलं. सोमवारी नजरेला नजर देववेना. असे सोमवार जात राहिले आणि ती रिसीव्हरखालच्या खणात पडून राहिली. मग वर्षभरानं वहिनी काविळीनं गेल्या, आठ दिवसांत. मी भेटायला गेलो. निघताना मेश्राम फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, ती कॅसेट तुमच्याकडं राहिली काय? घरात फोटो लय आहेत तिचे. आवाज कुठंच नाही." त्या क्षणी 'आहे' म्हणायचं होतं. पण आहे म्हटलं तर वर्षभर का दिली नाही, हे आलंच. मी म्हणालो, "दुकानातच राहिली असेल. बघतो." माणूस इतका हलकट होऊ शकतो, आणि तेही कुणी न मागता!

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला, सुजाताला भेटायला गेलो. ती बी. एस्सी.ला आहे. मराठी कळते, बोलते हिंदीतच. बोलता बोलता म्हणाली, "अंकल, मम्मी की एक कैसेट थी. पापा उस दुकान में चार-पाँच बार पूछने गए. दुकानदार चिढ़ जाता था." मी उठलो. घरी येऊन तडक खण उघडला.

देण्याआधी एकदा ऐकावी म्हणून घरातला जुना टेप जोडून त्याच दिवेवाल्या रिसीव्हरवर लावली. भांडी, नळ, शिट्ट्या. दुकानात बंद केली होती तिथून पुढं कधी ऐकलीच नव्हती. फोडणी झाली, दाराची कडी वाजली. वहिनी विचारतात, "कोन आलं जी?" मेश्रामांचा आवाज: "भाऊ आले. चहा मांड, अद्रक टाक." आणि मग मीच: "वहिनी, वास कसला सुटलाय! चहा नको, जेवूनच जातो." आणि तिघांचं हसणं… दुकानात आणखी एखादं मिनिट ती चालली असती, तर साहेबांच्या देखत माझाच आवाज त्या रसोईतून आला असता. किसकी रसोई? जिथं मी पोटभर जेवत होतो तिची.

कॅसेट नेऊन दिली. सुजातानं ती माझ्यासमोरच लावली. आईच्या हाकेला तिनं तोंड झाकून घेतलं. माझा आवाज आला तशी रडता रडता हसली. मग म्हणाली, "पापा तो आपको भाऊ बोलते थे. फिर साहब कब से बोलने लगे?" मी म्हणालो, "याद नहीं, बेटा." पुन्हा खोटं. कॅसेट माझ्याकडे कशी, हे तिनं विचारलंही नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. आणि अर्ध्यावर लक्षात आलं, की मराठी तिला वाचता येत नाही. मराठी पेपरच्या पुरवणीत छापून आलं तरी जिला सांगायचं तिच्यापासून मी लपलेलाच. तिला हे वाचूनच दाखवावं लागेल.

शेवटचा हा मजकूर नंतर जोडतोय. काल सकाळी कागद खिशात घालून गेलो. क्वार्टर सोडायचं आहे, बाहेर बांधलेले खोके ठेवले होते. दाराशी पोचलो तर आतून शिट्टी ऐकू आली, कुकर खरा की कॅसेटमधला ते कळेना. तिनं टू-इन-वन स्वयंपाकघरातच ठेवलाय. मी कडी वाजवली. सुजाता यायच्या आत वहिनींनी विचारलं, "कोन आलं जी?"

"भाऊ आले," मेश्राम म्हणाले.

दार उघडलं. मी आत गेलो, खाली बसलो, कागद काढले आणि 'ये अपनी लैब के हैं' या वाक्यापासून वाचायला सुरुवात केली.