दोन जवळ, एक लांब

रायपूरच्या तात्यापाऱ्यात कुणाच्या घरी ग्रील ठोकायचं काम निघालं, की शालिग्राम येलेकरांचा हात मध्येच थांबतो. हातात चहाचा कप असो की पेपर. दोन ठोके पडतात आणि ते तिसऱ्याची वाट पाहतात. तिसरा लगेच पडला की मान हलवून पुन्हा पेपरात जातात. त्यांना हवा असलेला तिसरा ठोका जरा थांबून पडतो. तो त्यांनी चार वर्षांत ऐकलेला नाही.

शालिग्राम मूळचे तुमसरकडले. वडील रेल्वेत होते, त्यांच्या बदलीबरोबर रायपूरला आले आणि इथलेच झाले. सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं वायरलेस सांभाळलं. शिक्षण आयटीआयचं, तेही रेडिओ दुरुस्तीचं. बाकीचं सगळं उघडून पाहून, बोटं भाजून घेऊन, जुन्या बाजारातून पुस्तकं आणून शिकले. रोज सकाळी भनपुरीच्या ट्रकांमधून वाट काढत त्यांची बस सिलतऱ्याला पोचायची, आणि शेडमधले कामगार हाक मारायचे, "सेटवाले भैया आ गे."

सेट म्हणजे हातात मावणारं वायरलेस यंत्र. काम नसतं तेव्हा तो झोपलेला असतो, बॅटरी वाचावी म्हणून. थोड्या थोड्या वेळाने जागा होतो आणि आधी मुख्य यंत्राकडून येणारा इशारा शोधतो. त्या इशाऱ्याशी आपलं घड्याळ जुळवलं, की मगच त्याला बोलणं ऐकू येतं. कागदोपत्री या इशाऱ्याला सिंक्रोनायझेशन सिग्नल म्हणतात. शेडमध्ये सगळे त्याला ठोका म्हणत.

आता लोखंडाच्या शेडमध्ये हा ठोका एकदा निघतो आणि दहा वेळा पोचतो. खांबावर आपटून, छपरावर आपटून, क्रेनच्या पुलावर आपटून. सरळ येणारा ठोका भट्टीआड दबून बारीक झालेला असतो, आणि आपटून आलेला दणदणीत. सेट बिचारा दणदणीत ठोक्यावर विश्वास ठेवतो. माणूस चार पावलं सरकला की तो आपटलेला ठोका नाहीसा होतो, घड्याळ चुकतं, आणि सेट मुका होतो. वर क्रेनला वितळलेल्या पोलादाचं भांडं टांगलेलं, आणि खाली माणसाच्या हातात मुका सेट. कंपनीने बाहेरून इंजिनिअर आणले. येणारा प्रत्येक जण एकच उपाय सांगून गेला: ठोका आणखी जोरात सोडा. अकरा वर्षं ठोका जोरात होत गेला आणि सेट मुके होत राहिले.

त्या काळात खाली शालिग्राम असत आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये नरहर गोतमारे. एकदा भांडं हवेत असताना सेट बंद पडला, तेव्हा शालिग्रामांनी सळई उचलली आणि खांबावर तीन ठोके दिले, एकसारखे, जीव खाऊन. ते होते 'खाली घे' म्हणून. नरहरने भांडं जागचं हलवलं नाही. सेट सुरू झाल्यावर काम पुढे गेलं. पाळी संपल्यावर तो शिडी उतरून आला.

"काय बे, वरात काढून राहिला होता का?"

"तीन ठोके दिले मी. खाली घे म्हणून."

"मले तेरा ऐकू आले. सारखे सारखे वाजवशील तर पत्रा बी तसाच वाजते. तुझा कोणता अन् पत्र्याचा कोणता, कसं समजन? दोन जवळ दे, एक लांब दे. मग कितीही घुमू दे, चाल ओळखू येते."

"अन् जोरात देऊ?"

"जोरात काहून? जोराचा आवाज पत्र्याचा राहते, तो मागून येते. पयला बारीक येते ना, तो आपला माणूस. मी त्याचीच वाट पाहतो."

तेव्हापासून सेट मुका झाला की शालिग्राम खांबावर दोन जवळ, एक लांब द्यायचे. वरून नरहर केबिनच्या कठड्यावर एकच ठोका द्यायचा. एक म्हणजे समजलं. पुढे पुढे सेट चालू असला तरी पाळी संपताना शालिग्राम तसे ठोके देऊ लागले, उगाच, आणि वरून तो एक ठोका आला की मगच डबा उचलून बसकडे निघत. घरी बायकोशी दिवसभरात जेवढं बोलणं व्हायचं त्याहून थोडं जास्तच या चार ठोक्यांत होत असे, असं त्यांची बायकोच म्हणायची.

मग एका रविवारी, पितळी कळशीवर चमचा आपटून नातवाला खेळवत असताना त्यांच्या डोक्यात आलं, की नरहरने जे आपल्याला शिकवलं तेच सेटला शिकवावं. मुख्य यंत्राने ठोके सारख्या अंतराने सोडायचे नाहीत. दोन जवळ, एक लांब सोडायचे. आणि सेटने जागं झाल्यावर दणदणीत ठोक्याकडे जायचं नाही. ती चाल घेऊन जो पहिला बारीक ठोका येईल त्याच्याशीच घड्याळ जुळवायचं. दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर काम चाललं. शेवटी मॅनेजरने सहा सेटांवर करून बघायची परवानगी दिली. ते सहा सेट भट्टीच्या आड, पुलाच्या खाली, कुठेही मुके झाले नाहीत.

कंपनीला पेटंटमध्ये रस नव्हता. तुमच्या नावाने करा म्हणाले. अर्जात शोध लावणाऱ्यांची नावं लिहायचा रकाना होता. शालिग्रामांनी कॅन्टीनमध्ये विषय काढला, चहाच्या कपातून मान वर न करता.

"तुझं बी नाव टाकू का?"

"माझं कायले? मी तं लोखंड वाजवलं," नरहर म्हणाला.

"बरं."

हे 'बरं' फार लवकर निघालं. दोघांनीही ते ऐकलं. नरहर बिस्कीट चहात बुडवत राहिला, ते तुटून कपात पडलं, आणि त्याने ते चमच्याने काढून खाल्लं. अर्ज एकाच नावाने गेला.

पुढच्या वर्षभरात नरहरचे कान गेले. तीस वर्षं शेडच्या छपराशी बसलेल्या माणसाचे जातात तसेच, आधी बारीक आवाज, मग सगळेच. निरोपाच्या दिवशी शालिग्राम बोलत राहिले आणि नरहर त्यांच्या ओठांकडे पाहत हसत राहिला. मग त्याची मुलगी अपर्णा त्याला डोंगरगडला आपल्या घरी घेऊन गेली. रायपूरहून डोंगरगड दोन तासांची गाडी. शालिग्राम गेले नाहीत. फोन करून काय फायदा, त्याला ऐकू येत नाही, एवढं कारण चार वर्षं पुरलं. स्वतः निवृत्त झाल्यावर ते गॅलरीत बसू लागले, आणि ग्रील ठोकणाऱ्यांचे ठोके मोजू लागले.

अशातच पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल आला. त्यांची भाची अनुश्री नवा रायपूरला राहते आणि पेटंटच्या अर्जांचंच काम करते. शालिग्राम तिच्याकडे गेले. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

"मामा, देखो, त्यांनी दोन जुने कागद काढले. एकात इशारे कमी-जास्त अंतराने सोडलेत. दुसऱ्यात पहिला येणारा इशारा पकडलाय. मतलब दोन्ही गोष्टी दुनियेत आधीच होत्या."

"एकत्र कोणी केल्या होत्या का?"

"तेच तर. ते म्हणतात, या दोन्ही जोडणं या कामातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं. सहज सुचणाऱ्या गोष्टीला पेटंट नाही मिळत."

शालिग्रामांनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. एकतीस वर्षांच्या आयुष्यावर कुणीतरी सहज असा शिक्का मारावा, तसं त्यांना झालं.

"अकरा वर्षं मोठमोठे इंजिनिअर आले. कोणाले सुचलं नाही. हे सांगता येते ना?"

"हव मामा, वही तो सांगायचं. सगळे जाणकार उलट्या दिशेने चालले होते, जोर वाढवत होते, आणि तुम्हीच एकटे दुसरीकडे गेले. हाच आपला सगळ्यात चांगला मुद्दा आहे." ती थांबली. "बस, सुनवाईत ते क्रेनवाले काका नको."

"काहून?"

"शेडमध्ये तुम्ही दोघं आधीपासून असंच वाजवत होते असं तुम्हीच बोललात, तर साहेब म्हणतील, बघा, सहजच होतं. एक क्रेनवाला भी जानता था. विचारलं कसं सुचलं, तर म्हणा, प्रयोग करता करता."

शालिग्राम चपला घालून निघाले. परत येताना रुंद रस्त्यावर बसची वाट पाहत बराच वेळ उभे राहिले. प्रयोग करता करता. तसं ते खोटंही नव्हतं. दुसऱ्यांदा 'बरं' म्हणायचं होतं, एवढंच.

सुनावणी अनुश्रीच्या घरूनच झाली, पडद्यावर. समोर एक बाई अधिकारी होत्या, शांत आवाजाच्या. अनुश्रीने अकरा वर्षांचा मुद्दा नीट मांडला. बाईंनी टिपून घेतलं. मग शालिग्रामांचं मराठी नाव पाहून त्या मराठीत बोलल्या.

"येलेकर, मला एक समजून घ्यायचं आहे. सगळे जोर वाढवत होते, तर बारीक ठोक्याकडे तुमचं लक्ष कशामुळे गेलं?"

टेबलाखाली अनुश्रीने त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"मॅडम, लक्ष माझं नाही गेलं," शालिग्राम म्हणाले. "नरहर गोतमारे म्हणून क्रेन चालवत होते. त्यांनी मले सळईनं शिकवलं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, तेरा ठोके, पत्र्याचा आवाज, पहिला बारीक येतो तो आपला माणूस. सांगताना त्यांचं बोट टेबलावर वाजत होतं. शेवटी म्हणाले, "अर्जात त्याचं नाव पाहिजे होतं. मी टाकलं नाही. आता टाकता येते का?"

बाईंनी लिहिणं थांबवलं. "सळईचे ठोके आणि वायरलेसचे इशारे एकच मानायचे का, ते मी आदेशात ठरवीन. तुमचं म्हणणं पंधरा दिवसांत लेखी द्या. नाव घालायचं तर आदेशाच्या आधी वेगळा अर्ज द्यावा लागेल, आणि त्यावर त्यांचीही सही लागेल."

पडदा बंद झाल्यावर अनुश्रीने डोळे मिटले. "मामा, आपने तो पूरा खोल दिया."

"हो पोरी. तो फॉर्म छापून दे."

डोंगरगडला अपर्णाने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली. "काका? आज रस्ता चुकले का?"

"चारच वर्षं चुकलो. आहे का तो?"

"कुठं जातील? अंगणात उन्हात बसलेत. पाटीवर लिहा, वाचतात. ओरडू नका, काही उपयोग नाही."

नरहर लोखंडी पलंगावर बसला होता, पाठ दाराकडे, खांदे उतरलेले. शालिग्राम मागे उभे राहिले. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग वाकून, बोटातल्या अंगठीने पलंगाच्या दांड्यावर ठोके दिले. हळूच. दोन जवळ, एक लांब.

नरहरचा हात दांड्यावर टेकलेला होता. तो तसाच राहिला. कोपऱ्यात अपर्णाची कोंबडी माती उकरत होती. मग नरहरने मागे न पाहता, नखाने दांड्यावर एकदा वाजवलं.

शालिग्राम पुढे येऊन बसले. नरहरने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हातारा झाला बे तू," तो म्हणाला, बहिऱ्या माणसाच्या उंच आवाजात. "काही काम असन, त्याशिवाय आला नसशील."

शालिग्रामांनी पाटी घेतली. बराच वेळ खडू हातात धरून ठेवला. मग अहवालच त्याच्यापुढे धरला आणि ते वाक्य बोटाने दाखवलं. बाजूला अनुश्रीने त्याचं मराठी लिहून दिलं होतं. नरहर ओठ हलवत वाचू लागला. या कामातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं.

वाचून झाल्यावर त्याने पुन्हा वाचलं. मग खो खो हसला. "बरोबरच लिहिलं ना यानं. मले सहजच सुचलं होतं." छातीवर हात ठेवून म्हणाला, "जाणकार लिहिलं बे त्यानं. मले."

ज्या वाक्याने शालिग्रामांची झोप उडवली होती, ते नरहरने पुन्हा एकदा बोट फिरवून वाचलं, पोराने प्रगतिपुस्तक वाचावं तसं. शालिग्रामांना हसू आलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुझं नाव टाकायचं राहिलं. मीच टाकलं नाही.'

नरहरने वाचलं. पाटी घेतली आणि तळहाताने पुसून टाकली, दोन्ही वाक्यं.

"कुठं करू सही?"

त्याने अक्षरं मोठी काढली, रकान्याच्या बाहेर गेली. अपर्णाने चहा आणला, सोबत बिस्किटं. नरहरने बिस्कीट चहात बुडवलं आणि या वेळी तुटायच्या आधी उचललं.

"पेटंट भेटन का?"

शालिग्रामांनी खांदे उडवले. माहीत नाही.

"भेटलं तर ये. नाही भेटलं तरी ये. फोन करू नको."

दोन्ही सह्यांचा अर्ज वेळेत गेला. आदेश अजून आलेला नाही. तात्यापाऱ्यात ग्रिलीचं काम चालूच असतं, आणि शालिग्रामांचा हात अजूनही दुसऱ्या ठोक्यावर थांबतो. मात्र दर दुसऱ्या गुरुवारी ते गॅलरीत नसतात. त्या दिवशी सकाळच्या गाडीने डोंगरगडला गेलेले असतात.