आबांनी काढलेली शेवटची जवारी

मिरज स्टेशनवर आबांनी माझी बॅग उचलली नाही, सतार उचलली. ताईची बॅग तुझ्या गळ्यात पडली, आठवतंय ना समीर? डब्यात शिरून त्यांनी सतार बर्थवर भिंतीच्या बाजूला निजवली, मला म्हणाले, "तू कडेला झोप," आणि गाडी हलल्यावर घाईनं उतरले. पोटच्या पोरीला जपून जा म्हणायचं राहूनच गेलं.

संगीतातल्या पीएचडीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. परदेशात पूर्ण फेलोशिप आणि रियाजाला स्वतंत्र खोली. बेंगळुरूला सगळंच बेताचं. इथल्या गाइड मॅडमचा हात चांगला म्हणून जातेय, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण निर्णय आबांच्या एका प्रश्नानं झाला होता. "तिकडं जवारी कोण काढणार?"

तुला सांगायला नको, पण माझ्यासारखी घर सोडून आलेली मंडळी हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. सतारीच्या तारा हाडाच्या घोडीवरून जातात. त्या घोडीच्या पाठीला कारागीर कानशीनं जो उतार देतो ती जवारी, आणि सतारीचा आवाज तिथूनच येतो. वाजवून वाजवून तारा हाडात रुततात, आवाज मिटतो, म्हणजे जवारी उतरते, मग ती पुन्हा घासून काढावी लागते. म्हणून दर चार-सहा महिन्यांनी मी रात्रीच्या गाडीनं मिरजेला यायची. आबा दुकानात मांडी घालून घासायचे, मी तार छेडायची, ते मान हलवून परत घासायचे. आमचं बोलणं एवढंच, पण त्यात माझं पोट भरायचं.

इकडे महादेवपुऱ्यात भाड्याची खोली. रूममेट नागपूरची, दिवसभर तिचे कॉल. खालच्या मजल्यावर इथल्याच जुन्या मराठी घरातल्या अक्का, त्या जिन्यातून म्हणायच्या, "स्वल्प हळू वाजव गं."

दिवाळीत आबांनी जवारी काढली आणि संक्रांतीच्या आत ते गेले. मिरजेहून मी परत आले आणि सतारीला खोळ घातली ती घातलीच. तार ओढून घेतलेल्या एकेका मींडेबरोबर त्यांचा हात थोडा थोडा पुसला जाणार, हे मला सहन होईना. डिपार्टमेंटच्या सतारीवर कसाबसा रियाज करायची. मन लागेना. बोटांवरचे घट्टे मऊ पडले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की स्वतःच्या वाद्यावर वाजवणार नसशील तर परीक्षेची मैफल, फायनल रिसायटल, पुढे ढकलू, पण पुढे ढकललेली मुलं सहसा परत येत नाहीत.

त्या दिवशी मी तुला फोन केला. दुकान विकायचं ठरलंय हे तू तेव्हाच सांगितलंस, आणि मी रडले. मग तू म्हणालास, "ताई, लोकांच्या घरी शोभेला भिंतीवर टांगलेल्या सतारी बघून आबा काय म्हणायचे?"

म्हणायचे, "हिची जवारी कधी उतरायची नाही. मेलेलं माणूस कुठं म्हातारं होतंय?"

काल खोळ काढली. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. पहिला स्वर आबांच्या दुकानातल्यासारखाच लागला आणि मी थांबले नाही. रिसायटलपर्यंत रोज वाजवणार आहे. तोवर आवाज मिटेल, मग इथल्या एका कारागिराकडे घोडी द्यावी लागेल आणि तो आपल्या कानशीनं घासेल. दुकान तू विकशील, मिरजेला मग कुणाकडे यायचं ते मला माहीत नाही. घर म्हणून माझ्याकडे हाडाची एवढीशी पट्टी उरली आहे, आणि ती आता रोज मीच झिजवणार आहे.