गेटकडून पहिली टाकी

शिरोली एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात मी केमिस्ट आहे. नट-बोल्ट, कड्या, कोयंडे असलं लोखंडी सामान आमच्याकडे येतं, ॲसिडमध्ये धुतलं जातं आणि जस्ताचा मुलामा घेऊन चकचकीत होऊन बाहेर पडतं. मागच्या मोकळ्या जागेत तीन काळ्या टाक्या आहेत. एका कडेला ॲसिडची, मधली पाण्याची आणि दुसऱ्या कडेला हायपोची. हायपो म्हणजे ब्लीचचं कडक पाणी; सांडपाण्यातलं विष मारायला तो लागतो. ॲसिड आणि हायपो आपापल्या टाकीत गुमान असतात. एकत्र आले की मात्र क्लोरीन वायू सुटतो, आणि तो माणसाची छाती जाळतो.

टाक्यांवरची नावं ॲसिडच्या वाफेनं कधीच उडून गेली होती. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. 'गेटकडून पहिली ती ॲसिडची' हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, आणि गेट म्हणजे पुढचं गेट.

त्या दिवशी पुढचा रस्ता उकरला होता, म्हणून ॲसिडचा टँकर मागच्या गेटनं आला. ड्रायव्हर आमच्याकडे नवाच. बेळगावकडचा, पिकलेल्या झुपकेदार मिशांचा. स्टोअर सांभाळणारे आमचे काका चलन घेऊन ऑफिसकडे जाता जाता म्हणाले, "पावणं, गेटकडनं पहिली टाकी बगा. म्या आलोच, तवर हात लावू नका."

यातलं शेवटचं त्याच्या कानावर पडलंच नसावं. तो ज्या गेटनं आला होता त्या गेटकडून पहिली टाकी त्यानं गाठली, पाइप जोडला आणि पंप सुरू केला.

मी जेवणाचा डबा धुवायला बाहेर आले होते. बघते तर ॲसिडचा पाइप हायपोच्या टाकीला लागलेला.

"थांबा! अहो, थांबा!"

पंपाच्या घरघरीत त्याला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. माझ्या हातातल्या डब्याकडे बघून तो हसला आणि ओरडला, "झालं, झालं जेवण!"

माझं माहेर सीमेवरचं. आई आमचे लाड मराठीत करायची आणि आम्हाला झोडपायची कानडीत. त्यामुळे जीव घाबरला की माझ्या तोंडातून कानडीच बाहेर पडते. हातातला डबा टाकून मी जीव तोडून ओरडले, "अण्णा, बेडा! बेडा! बंद माड्री!"

'नको, बंद करा' हे कानडीत कानावर पडताच त्याचा हात आपोआप बटणावर गेला. पंप थांबला. त्यानं झटकन कॉकही बंद केला. पण थोडं ॲसिड आत गेलंच होतं. टाकीच्या माथ्यावरून हिरवट-पिवळा धूर निघाला आणि नाकात झणझणलं. मी ओढणी तोंडाशी धरून त्याला लांब पळायची खूण केली, भोंगा वाजवला. माणसं बाहेर आली आणि सवयीनं पुढच्या गेटकडे पळायला लागली. वारंही नेमकं तिकडेच चाललं होतं.

"गेटकडं न्हाय, उसाकडं! उसाकडं पळा!" मी ओरडले.

कंपाउंडची जाळी एका बाजूला तुटलेली होती. तिथून सगळे बाजूच्या शेतात घुसलो. आमच्या कारखान्याच्या मालकांची कोल्हापुरी चप्पल पाटाच्या चिखलात रुतली. ते एका पायावर उभे राहून विचारत होते, "सगळी आली काय? मोजा की आधी!" मोजलं. सगळे होते. काकांना तेवढा खोकला लागला होता, तोही मोकळ्या हवेत उतरला. मी सरळ बांधावर बसकण मारली.

ड्रायव्हर माझ्यासमोर येऊन हात जोडून उभा राहिला. "यव्वा, चुकलं माझं."

"तुमचं एकट्याचं न्हाय," काका म्हणाले. "म्या तितं थांबाय पायजे हुतं. आन् टाकीवर नाव तरी कुठं हाय?"

अग्निशमनवाले मास्क लावून आत जाऊन आले. हवा निवळेपर्यंत आम्ही शेतातच होतो. ज्याचं शेत होतं तो गडी हे सगळं बघत उभा होता. त्यानं ऊस मोडून सगळ्यांच्या हातात दिला. "बसलाय न्हवं? मग खावा की!" मालकांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे ऊस सोलत बसले. भीती उतरली तसं हसू फुटायला लागलं. 'झालं, झालं जेवण' ही गोष्ट तर मला पुन्हा पुन्हा सांगावी लागली.

नंतर मालकांनी ॲसिडच्या आणि हायपोच्या टाकीची तोंडं वेगवेगळ्या मापाची करून घेतली. आता ॲसिडचा पाइप हायपोला बसतच नाही. मधली पाण्याची टाकी हलवून तिथं भिंत घातली, टाक्यांच्या तोंडांना कुलपं लावली, आणि काका हजर असल्याशिवाय ती उघडायची नाहीत असं ठरलं.

नावं मराठीत आणि कानडीत लिहायची ठरली, तेव्हा माझी पंचाईत झाली. मला कानडी बोलता येतं, लिहिता येत नाही. पुढच्या खेपेला तोच ड्रायव्हर आला आणि त्यानं खडूनं अक्षरं काढून दिली. नावं रंगवायला बोलावलेला पेंटर एरवी ट्रकवर चित्रं काढणारा. त्यानं अक्षरं गिरवली आणि कुणी न सांगताच हायपोच्या टाकीवर एक मोर काढला.

"आता ह्यो कशाला?" काकांनी विचारलं.

"मोकळी जागा हुती की," तो म्हणाला.

मालकांनी मोर वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग ड्रायव्हरनं गावाकडून आणलेल्या करदंट मिठाईचा डबा उघडला आणि पहिला तुकडा पेंटरच्या हातावर ठेवला.